टोर्नबेकचा शंभर वर्षांचा पाऊस

टोर्नबेक, २४ ऑगस्ट २००८

प्रिय मारेन,

नॉर्वेहून परवा परतलो. मासे तीनच मिळाले. त्यातला मोठा तुझ्या केटी काकूने पकडला आणि फोटो आल्यापासून केटी येईल त्याला तो दाखवते आहे, तेव्हा तूही तयारीत राहा.

पण पत्र माशांसाठी नाही. आम्ही तिकडे होतो तेव्हा, नऊ तारखेच्या शनिवारी, गावच्या मेळ्याच्या दिवशीच भरदुपारी इथे पाऊस कोसळला. गिरणीगल्लीच्या खालच्या टोकाला गटाराची झाकणं उचलली गेली. बोदिलचं पाळणाघर तिथेच आहे. मागच्या अंगणातल्या छपरीखाली बाबागाड्या ओळीने उभ्या असतात आणि दुपारी पोरं त्यातच झोपतात, तुला आठवत असेल, तूही तिथेच झोपायचीस. त्या अंगणात मांडीएवढं पाणी चढलं. बाराही बाबागाड्या तरंगत जाऊन कुंपणाला अडकल्या. शनिवार होता म्हणून रिकाम्या.

आता त्या गल्लीतलं गटार कोणी घातलं ते तुला सांगायला नको. अठ्ठ्याण्णव साली माझ्याच माणसांनी घातलं, नगरपालिकेच्या नकाशाबरहुकूम. परवा बेकरीत शिरलो आणि गप्पा थांबल्या. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण थांबलेल्या गप्पा मला चालू गप्पांपेक्षा जास्त ऐकू येतात. सातवीत शाळा सोडून फावडं हातात घेतलं तेव्हापासून या गावात माझ्यापाशी नावाशिवाय दुसरं भांडवल नव्हतं.

ऐकतो की त्या पावसाचा तपास नगरपालिकेने तुमच्या ऑफिसला दिलाय. तुझ्या कामात नाक खुपसत नाही. फक्त विचारतो: पडला तरी किती?

तुझा,
एगोन काका


ऑरहूस, ३ सप्टेंबर

प्रिय काका,

नाक खुपसत नाहीस म्हणून सांगतोस आणि शेवटच्या ओळीत खुपसतोस. साहेबांना मी आधीच सांगून टाकलं की गटार घालणारा माझा काका आहे. ते म्हणाले, अख्ख्या जटलंड प्रांतात कोणाचा तरी काका नसलेला माणूस दाखव, त्याला काम देऊ. तेव्हा काम माझ्याकडेच आहे. अहवाल कालच गेला, आता आकडे सगळ्यांसाठी खुले आहेत, म्हणून सांगते.

पाणीपुरवठ्याच्या आवारात, कुंपणाच्या आत, कमरेच्या जरा खाली येणारा पत्र्याचा गोल डबा आहे. तो आमचा पर्जन्यमापक. वर तोंड उघडं, आत चमच्याएवढी दोन पात्रं. एक भरलं की कलंडतं आणि दुसरं पुढे येतं. किती वेळा आणि कधी कलंडलं याची नोंद आपोआप होते. तुमच्या डब्याला बिघाडाचा इतिहास नाही.

गटाराचा नियम असा: सरासरी दहा वर्षांतून एकदा येईल एवढ्या पावसापर्यंत गटारातलं पाणी रस्त्यावर येता कामा नये. तुमच्या भागातल्या जुन्या नोंदींवरून असा पाऊस म्हणजे अर्ध्या तासात एकवीस मिलिमीटर. त्याच्या आत गटार उसळलं तर दोष गटाराचा, बराच वर गेला तर दोष आभाळाचा.

त्या शनिवारी तुमच्या डब्यात अर्ध्या तासात त्रेचाळीस पडले. एवढा पाऊस शंभर वर्षांतून एकदा येतो, कदाचित त्याहूनही विरळ. त्यासाठी कोणी गटार घालत नाही. तू सुटलास.

केटी काकूचा मासा बघायला ख्रिसमसला येते. हा पहिलाच अहवाल, ज्यावर माझं एकटीचं नाव आहे. बाबांनी तो फ्रिजवर लावलाय.

मारेन


टोर्नबेक, २१ सप्टेंबर

प्रिय मारेन,

तुझे त्रेचाळीस मिलिमीटर गावात माझ्या आधी पोचले. नगरपालिकेच्या बांधकाम विभागाचा फ्लेमिंग युल एरवी रस्त्यात मान हलवायलाही पैसे पडतात असा चालतो. त्याने बाजारात माझा हात धरून सांगितलं की एगोन, तुझं गटार निर्दोष. त्याच्या विभागाचीही मान सुटली, म्हणून एवढा उमाळा. गिरणीगल्लीतल्या लोकांना विमेवाल्यांनी एका शब्दाने अडवलं नाही. बेकरीत परत आवाज चालू झाले. मी तुझ्या नावाने एक दालचिनी रोल खाल्ला.

आता एक गोष्ट, जी मला नीट गिळता येत नाही.

परवा बोदिल आली. स्वयंपाकघरात बसली, कॉफीला हात लावला नाही. तिला पाळणाघर वर टेकाडावरच्या जुन्या वाचनालयात हलवायचंय. इमारत दोन वर्षं रिकामीच आहे. पण फ्लेमिंगने तुझा अहवाल पुढे ठेवून तिला सांगितलं की असा पाऊस पुन्हा तुझ्या हयातीत येत नाही, अंगण दुरुस्त करून देतो, तिथेच राहा. वाचनालय एका दंतवैद्याला हवंय. पाच नोव्हेंबरच्या सभेत ठराव आहे.

मीही तिला तेच सांगायला लागलो, शंभर वर्षं वगैरे. ती म्हणाली, "एगोन, शंभर वर्षं कधीपासून मोजायची ते कोणी सांगेल का मला?" आणि मग म्हणाली, "प्रत्येक पोराला पट्टा असतो, गाडीतून पडू नये म्हणून. त्या दिवशी बुधवार असता तर आम्ही तिघी. बारा पट्टे आम्ही कसे सोडवले असते?"

मी जन्मात कधी उत्तरासाठी अडलो नाही. त्या दिवशी अडलो. तुझ्याकडे काही असेल तर कळव.

एगोन काका


ऑरहूस, २९ सप्टेंबर

प्रिय काका,

बोदिलचा प्रश्न बरोबर आहे. शंभर वर्षांचा पाऊस म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षं सुट्टी, असं नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. पण शंभरात एक ही शक्यता लहानच आहे, आणि तेवढ्यावर इमारती हलवायच्या म्हटलं तर निम्मा डेन्मार्क हलवावा लागेल. आकडा असा असताना फ्लेमिंगचं म्हणणं चुकीचं ठरवता येत नाही. मला बरं वाटत नाही, पण हे असं आहे.

मन हलकं करायला एक गंमत सांगते. ऑगस्टअखेर आमचा माणूस तुमचा डबा तपासायला आला होता. डब्याच्या तोंडात त्याला काय सापडलं? पाच सिगारेटची थोटकं आणि बाटलीचं एक झाकण. त्याने साफ केलं आणि शेरा मारला: ‘टवाळ पोरांचा उद्योग.’ तुमच्या गावाला शास्त्रीय उपकरण आणि राखदाणी यातला फरक कोणीतरी समजावून सांग. थोटकांनी पाऊस वाढत नाही, त्यामुळे आकड्याची काळजी नको.

मारेन


टोर्नबेक, १२ ऑक्टोबर

प्रिय मारेन,

तुझी गंमत माझ्या डोक्यातून गेली नाही. पाणीपुरवठ्याचं आवार म्हणजे रस्त्याचं शेवटचं टोक. पुढे शेत. तिथे सिगारेट ओढायला कोण जाईल? पोरांना ओढायचीच असेल तर बसथांब्यामागे जागा आहे, पिढ्यानपिढ्या ठरलेली.

काल आक्सेलचा साठावा वाढदिवस झाला. आक्सेल म्हणजे क्रीडामंडळाचा, मेळ्याचा तंबू दर वर्षी तोच उभारतो. हेरिंग मासे झाले, दोन घोट झाले, गाणी झाली, आणि आक्सेल यंदाच्या तंबूच्या फुशारक्या मारायला लागला. फुटबॉलच्या मैदानावर नवं गवत पेरलं होतं, म्हणून तंबू या वर्षी पाणीपुरवठ्याच्या हिरवळीवर ठोकला. जागा थोडी कमी पडली, तेव्हा कुंपणाचे दोन तुकडे काढून ठेवले. जेवणाचा तंबू आणि स्वयंपाकाचा तंबू एकमेकांना जोडून मधे पन्हळ लावली, म्हणजे ताटं नेताना बायका भिजणार नाहीत. पाऊस आला तेव्हा आत एक थेंब नाही, म्हणे, सगळं पाणी पन्हळीतून बाहेर धो धो.

मला तुझी थोटकं आठवली. गेल्या वर्षापासून तंबूत ओढायला बंदी. पाऊस चालू असताना ओढणारा माणूस उभा कुठे राहतो? छपराच्या अगदी कडेला. आणि राख कुठे झाडतो? हात लांब केला की जे उघडं तोंड सापडेल त्यात. म्हणजे तुझा डबा छपराच्या कडेपासून हातभर अंतरावर होता.

मारेन, त्या डब्यात आभाळाचा पाऊस पडला की आक्सेलच्या तंबूचा?

मी आक्सेलला बाजूला घेऊन हेच विचारलं. तो मूर्ख नाही, माझं वाक्य संपायच्या आत त्याला कळलं. त्याने माझा ग्लास भरला आणि म्हणाला, "त्या आकड्याने गल्लीला विमा मिळाला, फ्लेमिंगची नोकरी राहिली, तुझं नाव धुऊन निघालं. एगोन, तुला नक्की काय हवंय?"

घरी येताना केटीने गाडी चालवली. तिने दोनदा विचारलं की पोट बिघडलंय का.

एगोन काका


ऑरहूस, १६ ऑक्टोबर

काका,

पत्र मिळालं. वाढदिवसाच्या गप्पा आणि पाच थोटकं यांच्या जोरावर मी सही केलेला अहवाल चुकीचा म्हणू, अशी तुझी अपेक्षा आहे का? तंबूची काठी नेमकी कुठे होती हे आक्सेलला तरी आठवतं का? तंबूची कड डब्यावरून गेली असेल तर डबा झाकलाही गेला असेल, म्हणजे पाऊस उलट कमीच मोजला गेला असेल. हे सगळं ‘असेल’ आहे.

बोदिलसमोर तुला उत्तर सुचलं नाही याचं तुला वाईट वाटतंय, ते मला समजतं. पण तिला बरं वाटावं म्हणून आकडे बदलता येत नाहीत. जो माणूस कालपर्यंत या आकड्याने सुटला होता, त्याने आज मला हे लिहावं याचा मला अर्थच लागत नाही.

मारेन


टोर्नबेक, २२ ऑक्टोबर

प्रिय मारेन,

रागावलो नाही. तुझे वडील रागावले की असंच ‘प्रिय’ गाळायचे.

तुला ‘असेल’ नको, म्हणून चार दिवस कॉफी पीत फिरलो. इथल्या शेतकऱ्याला बायकोचा वाढदिवस आठवणार नाही, पण कोणत्या दिवशी किती मिलिमीटर पडला ते तो झोपेतही सांगेल. सगळ्यांच्या कुंपणाला ती प्लॅस्टिकची नळी असतेच. मेळ्याच्या दिवशीचा आकडा विचारला. आता आपल्याकडे प्रत्येकाची खात्री असते की शेजाऱ्याच्या शेतावर जास्त पडतो, म्हणून माणूस स्वतःचा थोडा कमीच सांगतो. तेवढ्यासाठी मी प्रत्येकाला शेजाऱ्याचाही विचारला. स्वतःचे म्हणून जे सांगितले ते चोवीस, पंचवीस, सत्तावीस. शेजाऱ्यांचे म्हणून जे सांगितले तेही तिसाच्या वर एकाने नेले नाहीत. हा सगळ्या दिवसाचा पाऊस. तुझ्या डब्यात दिवसभरात किती? नगरपालिकेच्या फळ्यावर अडुसष्ट लिहिलेत.

आणि तुला अर्थ लागत नाही त्याबद्दल. पाऊस लहान निघाला तर बोटं पुन्हा माझ्या गटाराकडे वळणार, हे मला तुझ्याआधी कळलं. म्हणून गुरुवारी आत कॅमेरा सोडला. नळ स्वच्छ आहेत, सांधे जागेवर आहेत, उतार नकाशाप्रमाणे. पण वरच्या अंगाला नवं दुकान झालं, त्याचं मोटारी लावायचं डांबरी आवार आता माझ्याच गटारात उतरतं. अठ्ठ्याण्णवच्या नकाशात तिथे बीटची लागवड होती. लोकांना हे पटेल की नाही ते लोक जाणोत. मी बारा पट्टे मनात सोडवून पाहिले. मला जमले नाहीत.

एक मात्र सांग. पाऊस लहान ठरला तर गल्लीतल्या लोकांचा विमा जाईल का? पाच तारखेआधी कळलं तर बरं. ते कळल्याशिवाय मी पुढे पाऊल टाकणार नाही, कारण त्यांचे गालिचे अजून वाळताहेत.

एगोन काका


ऑरहूस, २८ ऑक्टोबर

प्रिय काका,

प्रिय परत लिहिलंय, बघ.

तुला सांगितली नाही अशी एक गोष्ट आहे. शेजारच्या दोन केंद्रांवर त्या शनिवारी पाऊस दोनच्या आत थांबला. तुमच्या डब्यातलं पात्र मात्र संध्याकाळपर्यंत मधूनमधून कलंडत राहिलं. एकेकदा, सावकाश, जशी पन्हळ ठिबकते तशी. हे मी ऑगस्टमध्येच पाहिलं होतं. ‘स्थानिक सर’ असं लिहून पुढे गेले. अहवाल वेळेत द्यायचा होता आणि आकडा एवढा मोठा होता की त्याच्याकडेच बघत राहावंसं वाटत होतं. तुझं पत्र वाचून मला राग आला तो त्यामुळे. तुझ्यामुळे नाही.

दोन्ही शेजारची केंद्रं, रडारची चित्रं आणि सांडपाणी केंद्रातले पंप त्या दिवशी किती चालले, असं सगळं शेजारी ठेवून पुन्हा बसले. तुझ्या कॉफीचे आकडेही ठेवले. साहेब हसले, पण काढा म्हणाले नाहीत. गिरणीगल्लीवर अर्ध्या तासात सतरा पडले. फार तर अठरा. नियमाच्या एकवीसच्या खाली. म्हणजे तुझे नळ नकाशाप्रमाणे असले तरी आजच्या टोर्नबेकला ते पुरत नाहीत, आणि असा पाऊस चार-पाच वर्षांतून एकदा येतो. बोदिलला हे सांग.

विम्याचं: अर्ध्या तासात पंधराच्या वर गेला की विमेवाले त्याला ढगफुटी धरतात. सतरालाही धरतील. गालिच्यांना धोका नाही. आक्सेलला हेही सांग, त्याचं ओझं उतरेल.

मी साहेबांकडे जाऊन पहिला अहवाल मागे घ्यायचं म्हटलं. त्यांनी कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, सभेच्या आधी जाऊ दे. सोमवारी नवा अहवाल फ्लेमिंगच्या टेबलावर असेल. पहिल्यावर माझं एकटीचं नाव होतं, यावरही आहे. बाबांना म्हटलं, हाही फ्रिजवर लावा.

मारेन


टोर्नबेक, ७ नोव्हेंबर

प्रिय मारेन,

सभागृह भरलं होतं. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा लोकांनी पाळणाघरातून बाकं आणली, आणि पन्नाशीची माणसं गुडघे कानाशी घेऊन बसली.

फ्लेमिंगने दोन्ही अहवाल हातात धरून दाखवले. एकाच बाईंचे, दोन महिन्यांच्या अंतराने, एकात त्रेचाळीस आणि एकात सतरा, तेव्हा आपण कशावर विश्वास ठेवायचा, असं त्याने विचारलं. आवाज मोठा सभ्य होता. काही जण हसले. मला वाटलं, गेलं.

लोकांच्या प्रश्नांची वेळ आली. बोदिल उठली, पण तिला बोलताना रडू येईल असं दिसलं, आणि रडणाऱ्या बाईला फ्लेमिंग फार चांगलं हाताळतो. म्हणून मी उठलो.

म्हटलं, "गटार माझं आहे. पहिला अहवाल खरा असता तर मी सुटलो असतो, दुसऱ्यात मी पुन्हा अडकतो. मी इथे दुसरा खरा आहे हे सांगायला आलोय. यातून मला काय मिळतं ते कोणाला सुचत असेल तर सांगा."

मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आक्सेल. माझ्याकडे न बघता तो फळ्यापाशी गेला, खडू घेतला, आणि हिरवळ, कुंपण, दोन तंबू, मधली पन्हळ असं सगळं काढलं. पन्हळीच्या तोंडाशी एक छोटा गोल काढला. म्हणाला, ती राखदाणी आहे असं आम्हाला वाटलं. मग खाली बसला.

मतं पडली सात विरुद्ध सहा. पाळणाघर नवीन वर्षापासून वाचनालयात. गटार दोन वर्षांत मोठं करायचं. कामाची निविदा निघेल, आणि त्यात मी भाग घेणार नाही, हे मी केटीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तुला वेड लागलंय. उद्या पुन्हा विचारीन तिला, अजून तसंच वाटतं का.

बेकरीत काय म्हणतात ते अजून कळलं नाही. आक्सेल माझ्याशी बोलत नाही, पण आज सकाळी त्याने आमच्या दारासमोरची पानं झाडली.

एगोन काका


टोर्नबेक, १७ जून २००९

प्रिय मारेन,

आज बुधवार. जेवण उरकलं तोच अंधारून आलं आणि पडायला लागला. गटार अजून जुनंच आहे, नव्याचे नळ यायला पुढचा उन्हाळा उजाडेल.

मी आधी गिरणीगल्लीत गेलो. झाकणं परत उचलली गेली होती. जुन्या पाळणाघराच्या अंगणात फाटकाच्या कडीपर्यंत पाणी होतं आणि रिकाम्या छपरीखाली गोल गोल फिरत होतं. आक्सेलही तिथे उभा होता, रेनकोटात. एकोणीस, असं तो म्हणाला. मी अठरा म्हणालो. सात महिन्यांतलं ते आमचं पहिलं बोलणं. तुझा डबा आता नव्या कुंपणात आहे आणि जवळपास तंबू नाही, तेव्हा खरा आकडा तू कळव. बिअरची पैज आहे.

मग टेकाडावर गेलो. वाचनालयाच्या मोठ्या छपराखाली बाबागाड्या ओळीने उभ्या होत्या, पट्टे लावलेल्या. छपरावर एवढा आवाज होत होता की बोदिल काहीतरी म्हणाली ते माझ्यासारख्यालाही ऐकू आलं नाही. तिने नुसती कॉफी पुढे केली. पाऊस थांबेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

एकही पोर जागं झालं नाही.

एगोन काका